दहा दिवसांची वाट: डेबियनच्या ‘टेस्टिंग’ची कुळकथा

सर्व्हर सांभाळणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडून एवढंच हवं असतं की, काल जे चाललं ते आजही चालावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र कालच आलेली नवी लायब्ररी आज हाताशी हवी असते. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. या दोघांना एका छपराखाली नांदवायचं कसं, हे शोधताना डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वयंसेवकांनी बऱ्याच ठेचा खाल्ल्या. त्यातून जे हाती लागलं, त्याचं नाव ‘टेस्टिंग’.

इयन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. पहिली मोठी ठेच १९९५च्या अखेरीस लागली. १.० आवृत्तीचं काम अर्धवट होतं आणि ते सर्व्हरवर सगळ्यांना दिसत होतं. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने तेच उचलून ‘डेबियन १.०’ म्हणून बाजारात आणलं. ती सीडी धड चालेल याची शाश्वती नव्हती. डेबियनने १.० हा आकडाच सोडून दिला आणि जून १९९६मध्ये थेट १.१ काढली.

तेव्हापासून घडत असलेल्या आवृत्तीला आकड्याऐवजी टोपणनाव मिळू लागलं. प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून नावं आली पिक्सारच्याच ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातून: बझ, रेक्स, बो, हॅम. खेळणी मोडणाऱ्या सिडचं नाव पुढे ‘अनस्टेबल’ला कायमचं चिकटलं. नवं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार केलेला प्रोग्रॅम, आधी तिथे येतं; मोडायचं ते तिथे मोडतं.

तयार (‘स्टेबल’) आणि कच्चं (‘अनस्टेबल’) यांची फारकत झाली, पण कच्च्याचं पक्कं करण्याची रीत जिकिरीची होती. एक दिवस ठरवून अनस्टेबलची प्रत काढायची, तिला ‘फ्रोझन’ म्हणायचं आणि महिनोन्‌महिने त्यातले दोष निपटत बसायचं. जानेवारी २०००मध्ये गोठवलेली ‘पोटॅटो’ ऑगस्टमध्ये बाहेर पडली. ज्या दिवशी गोठवलं, त्या दिवशी जे मोडलेलं होतं तेही सोबत गोठायचं. दुखणं तिथेच होतं.

यावर अँथनी टाउन्स यांनी तोडगा सुचवला आणि डिसेंबर २०००मध्ये तो अमलात आला. अनस्टेबल आणि स्टेबल यांच्यामध्ये टेस्टिंग ही तिसरी शाखा आली; गोठवून स्टेबल करायचं ते आता हिलाच. तिच्यात कोणी हाताने पॅकेज टाकत बसायचं नाही. ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्रॅम ते पारखून आत घेणार. कमी निकडीचं पॅकेज अनस्टेबलमध्ये दहा दिवस थांबणार, मध्यम निकडीचं पाच, तातडीचं दोन. तेवढ्या काळात नवा गंभीर दोष नोंदला जाता कामा नये. डेबियन ज्या ज्या प्रोसेसरांवर चालतं, त्या सगळ्यांसाठी ते तयार झालेलं हवं. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या टेस्टिंगमध्ये मिळायला हव्यात आणि त्याच्या येण्याने आधीचं काही मोडायला नको. म्हणून एखादी मूळ लायब्ररी जुन्याशी न जुळेल अशी बदलली की तिच्यावर विसंबलेली पॅकेजं सहसा एकदमच आत जातात. एक जरी अडलं तरी बाकीची खोळंबू शकतात.

एवढ्याने वेळापत्रक मात्र रुळावर आलं नाही. ‘वूडी’ जुलै २००२मध्ये आली, ‘सार्ज’ला जून २००५ उजाडला. दरम्यान ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने डेबियनच्याच अनस्टेबलमधून पॅकेजं घेऊन दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायला सुरुवात केली. स्थिरता हवी असणाऱ्यांसाठी उबुंटूलाही पुढे दीर्घ मुदतीची आवृत्ती काढावी लागली. पहिली जून २००६ची. डेबियनही हळूहळू दोन वर्षांच्या लयीला आलं. २०१३पासून गंभीर दोष रेंगाळणारी पॅकेजं टेस्टिंगमधून आपोआप काढली जाऊ लागली, त्यामुळे गोठवण्याच्या दिवशीचा दोषांचा जुना ढीग कमी झाला.

स्टेबल बाहेर पडल्यावरही काम संपत नाही. सुरक्षेतली चूक सापडली की सहसा नवी आवृत्ती न आणता तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवली जाते. ‘बुकवर्म’ वापरणाऱ्याला पॅकेजच्या आकड्यामागे ‘डेब१२यू१’ अशी शेपटी दिसते, ती याच कामाची खूण: आवृत्ती १२, पहिली दुरुस्ती. मूळ आकडा जुनाच दिसतो म्हणून भोक उघडंच आहे असं समजू नये. एखादं पॅकेज खरोखर नवं हवंच असेल, तर ‘बॅकपोर्ट्‌स’ आहेत: टेस्टिंगमधलं तेवढंच पॅकेज स्टेबलसाठी पुन्हा बांधलेलं. सप्टेंबर २०१०पासून ही सोय अधिकृत आहे.

स्थिरता आणि ताजेपणा यांच्यात मधला बिंदू शोधून हा प्रश्न सुटला नाही. तीन वेग वेगळे ठेवले आणि एकातून दुसऱ्यात जायचे नियम सर्वांसाठी सारखे केले, तेव्हा तो सुटला. स्टेबलवर निर्धास्त चालणारं बहुतेक प्रत्येक पॅकेज आधी सिडमध्ये कोणीतरी आपल्या यंत्रावर चालवलेलं असतं, त्यातला दोष नीट लिहून कळवलेला असतो. ते दहा दिवस नुसते थांबून पक्के होत नाहीत. त्या काळात कोणी वापरून पाहिलं नाही, तर ब्रिटनीला अडवायला काहीच सापडणार नाही. म्हणून ज्याला जमेल त्याने एखाद्या दुय्यम यंत्रावर टेस्टिंग चालवावं आणि मोडलेलं कळवावं; पुढची स्टेबल तेवढी पक्की होईल.