गच्चीवरचे विमान आणि एक सही: घरी बांधलेल्या विमानाला आकाश कसे मिळते?

१/ मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक सोडले की ओझर लागते आणि त्याच रस्त्याने पुढे धुळे. दोन्ही ठिकाणे नाशिक महसूल विभागातली आणि दोन्हीकडे धावपट्टी. ओझरला सरकारी कारखान्यातली लढाऊ विमाने उडतात. धुळ्याच्या धावपट्टीवरून २०२० मध्ये मुंबईतल्या एका गच्चीवर बांधलेले विमान उडाले. या दोन विमानांत फरक कोणता?

२/ आधी ओझर. १९६० च्या दशकात मिग-२१ विमाने भारतात बांधण्याचे काम हाती घेतले गेले. सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. मिगनंतर ओझरला सुखोई-३० एमकेआय बांधले गेले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने तेथून उड्डाण केले.

३/ ओझरच्या विमानामागे माणसांची मोठी साखळी उभी असते. ‘सेमिलॅक’ ही संस्था लष्करी विमानाचा आराखडा उड्डाणयोग्य आहे का, हे ठरवते. वैमानिक गुणवत्ता हमी महासंचालनालयाचे निरीक्षक उत्पादन तपासतात. अखेरीस चाचणी वैमानिक ते उडवतो. प्रत्येक टप्प्याला जबाबदार माणूस ठरलेला असतो आणि त्याची सही कागदावर असते.

४/ आता मुंबई. कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीची गच्ची. जेट एअरवेजचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विमान बांधायला घेतले. पहिले दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोहोचले नाहीत. तिसरे विमान सहा आसनांचे, नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. लोकांनी गर्दी करून ते पाहिले. कायद्याच्या लेखी मात्र ते अजून विमान नव्हते.

५/ असे का? १९१९ च्या पॅरिस करारात देशोदेशीच्या सरकारांनी दोन अटी मान्य केल्या. सीमा ओलांडणारे प्रत्येक विमान कुठल्या तरी देशाच्या नोंदवहीत असावे आणि त्याच्याकडे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र असावे. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम यांतून हीच चौकट आली. १९४४ च्या शिकागो करारानेही ती कायम ठेवली.

६/ नोंदणी झाली की शेपटीवर ‘व्हीटी’ ही अक्षरे येतात. त्यांचा अर्थ ‘व्हाइसरॉयची टेरिटरी’ असा सर्रास सांगितला जातो. तो नंतर चिकटवलेला आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत देशांना रेडिओ-संकेतांचे गट वाटण्यात आले. त्यांत ब्रिटिश भारताच्या वाट्याला जो गट आला, त्यातून ही अक्षरे आली.

७/ मात्र नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. नोंदणीमुळे विमान कोणाचे, हे कळते. ते सुरक्षित आहे का, हा प्रश्न उरतोच. कारखान्याचे विमान असेल तर एकदा आराखडा मंजूर होतो आणि त्याबरहुकूम शेकडो विमाने बनतात. घरी बांधलेले विमान एकुलते एक असते. त्याच्यासारखे दुसरे कधी उडालेलेच नसते.

८/ या प्रश्नाची किंमत युरोपने मोजली आहे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये ‘पू द्यू सिएल’, म्हणजे ‘आकाशातली पिसू’, हे चिमुकले विमान उडवले आणि ते घरी कसे बांधावे, याचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. सुतारकाम जमणाऱ्या हौशी तरुणांना जणू आकाशाची किल्ली मिळाली. ब्रिटनमध्ये तर या विमानाचे वेडच पसरले. पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राऐवजी साध्या परवान्यावर ती उडू लागली.

९/ पाठोपाठ अपघात आले आणि माणसे दगावली. विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, तपासणी झाली तेव्हा दोष उघड झाला. विमान ठरावीक मर्यादेपलीकडे खाली झुकले की वैमानिकाने नाक वर घेण्यासाठी पुढचा पंख कितीही कलवला, तरी मागच्या पंखावरचा वाऱ्याचा झोत वाढून नाक आणखी खाली जाई. बांधणाऱ्याचे हात कुशल असोत वा नसोत, चूक आराखड्यातच होती. १९३६ मध्ये ब्रिटनमधले हे वेड संपुष्टात आले.

१०/ यावर दोन टोकांची उत्तरे शक्य होती: सरसकट बंदी किंवा पूर्ण मोकळीक. अमेरिकेने १९५० च्या दशकाच्या आरंभी मधली वाट काढली. हौशी बांधणीसाठी ‘प्रायोगिक’ असा वेगळा वर्ग केला. अट अशी की निम्म्याहून अधिक बांधकाम हौशी माणसांनी स्वतः शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असावे. सुरुवातीचे साधारणपणे २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, प्रवासी न घेता उडायचे. म्हणजे धोका नाकारला नाही. त्याला कुंपण घातले.

११/ तपासणीत नेमके काय पाहतात? विमान वजनकाट्यांवर उभे करून प्रत्येक चाकावरचा भार मोजतात; त्यावरून गुरुत्वमध्य काढतात. तो मर्यादेपेक्षा मागे गेला, तर विमान सावरणे कठीण होते. दांडा डावीकडे वळवला की पंखावरचे पृष्ठ योग्य दिशेनेच हलते ना, हेही पाहतात. जोडणी उलटी झाली तर पहिले उड्डाणच अखेरचे ठरू शकते. मग इंधनाचा प्रवाह, इंजिनाची जमिनीवरील चाचणी, धावपट्टीवरची धाव आणि सर्वांत शेवटी उड्डाण.

१२/ विम्याची गोष्ट याला समांतर आहे. लंडनच्या लॉइड्समध्ये १९११ मध्ये विमानाचा विमा उतरवला गेला. विमानातला माणूस स्वतःचा धोका जाणूनबुजून पत्करतो. ज्याच्या घरावर ते कोसळते, त्याने तो पत्करलेला नसतो. म्हणूनच १९३३ मध्ये रोम येथे जमिनीवरील तिऱ्हाइतांच्या नुकसानभरपाईविषयी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार झाला. विम्याचा हप्ता मागच्या अनुभवावरून ठरतो. एकुलत्या एका विमानाला असा अनुभव नसतो, म्हणून विमा उतरवणारा वैमानिकाचे उड्डाणतास आणि निरीक्षकाचे कागद पाहतो.

१३/ टीएसी-००३ चा प्रवास या पार्श्वभूमीवर पाहावा. यादव यांनी नोंदणीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा दरवाजा २०११ मध्ये ठोठावला. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. विमानाला मिळालेली खूण होती व्हीटी-एनएमडी. नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्याविषयीची कृतज्ञता म्हणून ही अक्षरे निवडलेली. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती आला. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचा पहिला टप्पा पार पडला.

१४/ अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे. याला सावधगिरी म्हणावे की दिरंगाई? पिसूचा इतिहास ठाऊक असणारा सावधगिरीला नावे ठेवणार नाही. परंतु सावधगिरीला पायऱ्या असतात: हे तपासा, हे दुरुस्त करा, मग इतके तास उडवा. पायऱ्याच आखलेल्या नसतील तर अर्जदार आणि अधिकारी दोघेही ताटकळत राहतात. कारखान्यांसाठी लिहिलेल्या नियमांत एकट्या माणसाची जागा शोधावी लागते. तिथेच वर्षे जातात.

१५/ महाराष्ट्राला आणखी एक विमान आठवते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. तिला आधार देईल अशी खात्रीची समकालीन नोंद मात्र सापडत नाही: ना आराखडा, ना मोजमाप, ना निरीक्षकाचा अहवाल. तळपदे होते आणि त्यांचा ध्यास होता, यात शंका नाही. उड्डाण झाले असे म्हणण्यासाठी मात्र पुरावा लागतो.

१६/ इथे तपासणीचा दुसरा उपयोग ध्यानात येतो. ती वैमानिकाचा जीव वाचवते, खाली राहणाऱ्यांना संरक्षण देते आणि शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्यासाठी पुरावाही ठेवते. चारकोपच्या विमानाबद्दल उद्या कोणी शंका घेतली, तर नोंदणीचा क्रमांक आहे, परवान्याची तारीख आहे, धावपट्टीचे नाव आहे. मरुत्सखापाशी यांपैकी काहीच नाही.

१७/ १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. जुन्या कायद्याच्या उद्देशात विमानाची निर्मिती, वापर, विक्री हे शब्द होते. नव्या कायद्याच्या उद्देशात ‘आराखडा’ हा शब्दही आला आहे. या शब्दापुढे नियमांच्या पायऱ्या किती स्पष्ट आखल्या जातात, त्यावर पुढच्या गच्चीवरच्या विमानाला नऊ वर्षे लागणार की कमी, हे ठरेल. (समाप्त)