संवाद सहायक : भूकंपानंतरचे एक दुर्लक्षित पान

लातूर-उस्मानाबादच्या भूकंपाचा इतिहास आपण दोनच गोष्टींनी सांगतो. माणसे किती गेली आणि मुख्यमंत्री किती तातडीने किल्लारीला पोहोचले. दोन्ही खरेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि गणेश विसर्जनाहून परतून निजलेली माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. पण त्यापुढची पाच वर्षे कोणी निभावली, हे आपण फारसे विचारत नाही.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्नएक गावे नव्या जागी वसवली गेली. घर मिळाले ते जमिनीच्या मापाने : भूमिहीनाला २५० चौरस फूट, लहान शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. जुन्या गावची उतरंड अशी सिमेंटात पक्की झाली!

खरा पेच उरलेल्या हजाराहून अधिक गावांत होता. तिथली घरे पडली नव्हती, तडकली होती. जागतिक बँकेच्या कर्जातून अनुदान हप्त्याहप्त्याने बँकेत जमा होणार आणि दुरुस्ती मालकाने स्वतः करायची, अशी योजना ठरली. कागदावर उत्तम. पण दगडाच्या घरावरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. अशा वेळी शासनाने ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सोबत घेतले आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. प्रेमा गोपालन यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. बाकी शेकडो जणींची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत.

या बायकांनी काय केले? कोणाचा हप्ता कशाने अडला ते शोधले, अभियंत्याला प्रश्न विचारले, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. दुपदरी भिंत धक्क्याने उकलते, म्हणून दोन्ही अंगे सांधणारा लांब दगड घालायचा, कोपरे बांधायचे, माळवदावरची माती कमी करायची, हे त्या आधी शिकल्या आणि मग शेजारणीला शिकवले. एकीची पुढारी झाली नाही. मंडळच पुढारी होते.

आपल्याकडे पूर असो की दंगल, मदतीची यादी बहुधा मशिदीच्या अंगणात पुरुष करतात. आम्हीही केल्या आहेत. कोणत्या घरात चूल पेटली नाही, हे मात्र घरी येऊन बायकांनाच विचारावे लागते. मग त्या यादीला बसत का नाहीत, हे विचारायला आम्हाला उशीरच झाला.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा मराठवाड्यातल्या याच बायका तिकडे गेल्या. सोबत ना फार पैसा होता, ना फार शिक्षण. कच्छी बायकांबरोबर बसून त्यांनी पुन्हा तिथूनच सुरुवात केली : भिंत का पडते?