जुना दूरचित्रवाणी संच आणि डिजिटल प्रक्षेपण : अडचण कोठे, उपाय कोणता?

तलकाड (जि. म्हैसूर) : कावेरीच्या तीरावरील वाळूत गाडल्या गेलेल्या मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले तलकाड म्हैसूर शहरापासून साधारण ४५ किलोमीटर अंतरावर, टी. नरसीपूर तालुक्यात आहे. केबल दूरचित्रवाणीच्या डिजिटायझेशनच्या वेळापत्रकात मात्र या शहरात आणि या गावात चार वर्षांचे अंतर होते. म्हैसूर शहरासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, तर ग्रामीण भागासाठी अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. पुढे पाच वर्षांनी दूरदर्शनचे ॲनालॉग भूतलीय प्रक्षेपणही जवळजवळ संपूर्ण देशात आवरते घेण्यात आले. परिणामी छतावरील अँटेना आणि जुनी केबल हे दोन्ही मार्ग बंद झाले. ज्या घरांत पिक्चर ट्यूबचा जुना संच अद्याप चालू स्थितीत आहे, तेथे आता तो लावला की पडद्यावर केवळ मुंग्या दिसतात.

असा संच निकामी झाला, असे समजून तो भंगारात दिला जातो. प्रत्यक्षात त्यातील चित्र दाखवणारा आणि आवाज ऐकवणारा भाग सुस्थितीत असतो. कालबाह्य झालेला असतो तो लहरी ग्रहण करणारा भाग. हा फरक लक्षात घेतल्यास थोड्या खर्चात जुना संच पुन्हा उपयोगात आणता येतो.

अडचणीचे मूळ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले आणि १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपणाला प्रारंभ झाला. रंगासाठी भारताने ‘पाल’ ही पद्धत स्वीकारली. तीत एक चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे प्रक्षेपित होतात. जुन्या संचातील ट्यूनर याच पद्धतीच्या लहरी ओळखण्यासाठी घडवलेला आहे.

डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि ध्वनी यांचे रूपांतर अंकांत केले जाते आणि ते अंक संक्षिप्त करून पाठवले जातात. त्यामुळे पूर्वी एका वाहिनीला लागणाऱ्या कंप्रतेच्या पट्ट्यात आता अनेक वाहिन्या सामावतात. संक्षिप्त केलेले अंक पुन्हा उलगडण्याची यंत्रणा मात्र जुन्या संचात नसते. सेट-टॉप बॉक्स हेच काम करतो. तो डिजिटल संकेत उलगडतो आणि जुन्या संचाला समजेल अशा ॲनालॉग स्वरूपात त्याच्याकडे सोपवतो.

दोन्ही पद्धतींतील दोषही वेगवेगळे दिसतात. ॲनालॉग संकेत क्षीण झाला की चित्रात मुंग्या किंवा दुहेरी प्रतिमा दिसत, पण कार्यक्रम कसाबसा पाहता येई. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते. ती मर्यादा ओलांडली की त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच ते नाहीसे होते. म्हणून चित्र अचानक गेल्यास संचाला दोष देण्याआधी डिश, वायर आणि जोडण्या तपासणे योग्य ठरते.

कायदा आणि मुदती

केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती करून डिजिटल प्रसारण बंधनकारक करण्यात आले. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत कर्नाटकातील बंगळुरू व म्हैसूर, तर महाराष्ट्रातील पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आदी शहरे होती. उर्वरित नागरी भाग तिसऱ्या आणि ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात घेण्यात आला. या दोन्ही टप्प्यांना मुदतवाढ द्यावी लागली.

भूतलीय प्रक्षेपणाबाबत प्रसार भारतीने सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक वगळून उर्वरित ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले होते. डिजिटल भूतलीय सेवा २०१६ मध्ये दिल्ली, मुंबई, बंगळुरू, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसह १६ शहरांत सुरू झाली. तलकाड बंगळुरूपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर असल्याने तेथील रहिवाशांना तिचा उपयोग नाही.

गावापुढील मार्ग

अशा गावातील कुटुंबापुढे तीन पर्याय राहतात : डिजिटल केबल, सशुल्क डीटीएच आणि दूरदर्शनची निःशुल्क ‘डीडी फ्री डिश’ सेवा. फ्री डिशची सुरुवात १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने झाली. डिश आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च केल्यावर तिला मासिक शुल्क लागत नाही. कन्नड ‘चंदना’ आणि मराठी ‘सह्याद्री’ या दूरदर्शनच्या वाहिन्या तीवर उपलब्ध आहेत.

ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. तलकाडहून हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंचीवर येतो. पुण्याहून तो सुमारे ५९ अंशांवर असतो. त्या दिशेला उंच नारळ किंवा भिंत आड येत नाही ना, हे डिश बसवण्यापूर्वी पाहावे. मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात आणि चित्र काही काळ जाऊ शकते. तो दोष संचाचा नसतो.

जोडणीतील घोळ

बॉक्स आणल्यावरही चित्र न दिसण्याची कारणे बहुधा जोडणीत असतात.

पहिले कारण जोडणीच्या खाचेचे. १९९० च्या दशकातील व त्यानंतरच्या बहुतेक रंगीत संचांना पिवळी, पांढरी व लाल अशी एव्ही खाच असते. पिवळ्या वायरीतून चित्र आणि उरलेल्या दोन वायरींतून आवाज जातो. संचाच्या रिमोटवर ‘एव्ही’ निवडल्याखेरीज चित्र येत नाही. त्याहून जुन्या आणि कृष्णधवल संचांना केवळ अँटेनाची खाच असते. तेथे आरएफ मॉड्युलेटर हे छोटे उपकरण मध्ये जोडावे लागते. ते बॉक्सच्या चित्राचे पुन्हा ॲनालॉग वाहिनीत रूपांतर करते आणि संचावर ती वाहिनी शोधून ठेवावी लागते.

दुसरे कारण एचडीएमआयचे. काही नव्या बॉक्सना केवळ हीच खाच असते. तीतून डिजिटल संकेत बाहेर पडतो. त्यामुळे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी वायर निरुपयोगी ठरते. विजेवर चालणारा ‘एचडीएमआय ते एव्ही’ परिवर्तकच येथे लागतो आणि तो घेताना जोडणीची दिशा तपासावी लागते, कारण उलट दिशेचे परिवर्तकही तशाच रूपात विकले जातात.

तिसरे कारण रंगपद्धतीचे. बॉक्स ‘एनटीएससी’ पद्धतीवर लावलेला असल्यास केवळ ‘पाल’ जाणणाऱ्या संचावर चित्र रंगहीन दिसते किंवा सरकत राहते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडल्यास हा दोष जातो.

चौथे कारण चित्राच्या आकाराचे. जुना पडदा ४:३ प्रमाणाचा, तर आजचे बहुतेक कार्यक्रम १६:९ प्रमाणाचे असतात. त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, माणसे उभट दिसतात किंवा बातम्यांची पट्टी कडेला कापली जाते. बॉक्सवर ४:३ ची निवड केल्यास माणसे प्रमाणात दिसतात. पट्ट्या मात्र स्वीकाराव्या लागतात.

बॉक्सही जुना होतो

विसंगती केवळ संचापुरती मर्यादित नाही. फ्री डिशचे सुरुवातीचे बॉक्स ‘एमपेग-२’ पद्धतीचे होते. पुढे काही वाहिन्या ‘एमपेग-४’ मध्ये आल्या आणि जुन्या बॉक्सवर त्या दिसत नाहीत. नवा बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा असल्याची खात्री करावी, कारण त्यावर दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या दिसतात. सशुल्क सेवांचे बॉक्स सांकेतिक कुलुपाने त्या-त्या कंपनीशी बांधलेले असतात. कंपनी बदलली की बॉक्सही बदलावा लागतो. एकच बॉक्स सर्व सेवांसाठी चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली. भारतीय मानक ब्युरोने संचातच उपग्रह ट्यूनर असावा यासाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे.

खर्च कोणी सोसावा?

अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, तेव्हा सरकारने बॉक्ससाठी प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कुपने देऊ केली होती. जपानने जुलै २०११ मध्ये बदल केला, परंतु भूकंपग्रस्त इवाते, मियागी व फुकुशिमा या प्रांतांना मार्च २०१२ पर्यंत मुभा दिली. भारतात जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या प्रसारण पायाभूत सुविधा योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त व सीमावर्ती भागांत फ्री डिशचे ८ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याची तरतूद आहे. या भागांबाहेरील गावांत हा खर्च कुटुंबालाच करावा लागतो.

म्हणून संच टाकण्यापूर्वी त्याच्या मागील खाचा पाहणे, त्यांना अनुरूप बॉक्स निवडणे आणि दुकानातच जोडून दाखवण्याचा आग्रह धरणे हिताचे. संचाचे मागील झाकण मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार साठून राहतो. संच खरोखरच निकामी झाला असल्यास तो फोडू नये, कारण ट्यूबच्या काचेत शिसे असते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा संच नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे सोपवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.