एक जूनचा वाढदिवस आणि मुलीचं वय

आज १ जून. सकाळपासून माझी भिंत केक आणि फुग्यांनी भरून गेलीय. अर्ध्या महाराष्ट्राचा आज वाढदिवस! माझ्या वडिलांचा आज, धाकट्या काकांचाही आजच. जुळे नाहीत बरं का, चांगलं अडीच वर्षांचं अंतर आहे. आजोबा शाळेत घेऊन गेले, गुरुजींनी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला, हात पुरला, आणि रजिस्टरात १ जून पडला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसायला पाहिजे, विषय संपला.

थोरली आत्या मात्र शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिला १ जूनसुद्धा मिळाला नाही. तिला वय विचारलं की ती म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी परकरात होते." आम्ही हसतो. तीपण हसते.

पण मंडळी, आज या विनोदाची दुसरी बाजू सांगायचीय. आपल्याकडे मुली विकण्याविरुद्ध सरकारने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जे जे केलं, ते सगळं फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येऊन अडकलं: मुलीचं वय काय? आणि त्याच्याच मागचा दुसरा प्रश्न: पुरावा कुठाय?

सुरुवात १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून. त्यात दोन कलमं होती. ३७२ म्हणजे वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मूल विकणं, आणि ३७३ म्हणजे ते विकत घेणं. वयाची रेघ होती १६ वर्षं. अल्पवयीन मुलगी देवाला सोडणंसुद्धा या कलमाखाली गुन्हा ठरू शकतं, असे निकाल एकोणिसाव्या शतकातच आले होते. म्हणजे कायदा होता. पण मुलगी सोळाच्या आतली आहे हे सिद्ध कोणी करायचं? सरकार पक्षाने. आणि कशावरून? आईबापाच्या तोंडी सांगण्यावरून. तेच आईबाप, ज्यांनी तिला सोडलेलं असायचं.

आता १९२१ ला या, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार केला. त्याआधीचे करार 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' या नावाने ओळखले जायचे. म्हणजे चिंता होती ती युरोपातल्या मुलींची. १९२१ च्या करारात पहिल्यांदा कातडीचा रंग गेला, 'स्त्रिया आणि मुलं' हे शब्द आले, मुलग्यांचाही समावेश झाला, आणि वयाची मर्यादा २१ वर्षांवर नेली.

भारताच्या वतीनेही सही झाली. पण एक अट घालून: आमच्याकडे २१ ऐवजी १६ धरण्याची मोकळीक असावी. तेव्हा इथे राज्य इंग्रजांचं, सही त्यांच्याच सरकारची. पण ही अट फक्त इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ करायची म्हटल्यावर याच महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं! मलबारी, आगरकर एका बाजूला, टिळक विरोधात. १९२१ सालीही ती मर्यादा १२ च होती. ज्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात १२, तो जगापुढे २१ कुठल्या तोंडाने म्हणणार?

तरी त्या सहीचा परिणाम झाला. १९२३ मध्ये दंड संहितेत ३६६-अ आणि ३६६-ब अशी दोन कलमं घातली गेली. १९२४ मध्ये ३७२-३७३ मधलं १६ चं १८ झालं. आता गंमत बघा. देशातल्या मुलीला फूस लावून नेलं तर संरक्षण १८ पर्यंत, आणि परदेशातून मुलगी आणली तर २१ पर्यंत. शंभर वर्षं हा फरक टिकला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही परदेशातून आणलेल्या मुलीसाठी २१ च आहे.

पुढे १९३४ ला मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला. मुलगी देवाला सोडणं हाच गुन्हा झाला, मग वय काही का असेना. वयाचा प्रश्न बाजूला ठेवायचं धाडस करणारा हा मला तरी त्या काळातला वेगळा कायदा वाटतो. १९५० ला राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांच्या व्यापारावरच बंदी घातली. १९५६ चा कायदा आला, १९८६ ला तो बदलून आज आपण ज्याला 'पिटा' म्हणतो तो झाला. २०१३ मध्ये कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं: सज्ञान माणसाची तस्करी केली तर कमीत कमी ७ वर्षं, अल्पवयीनाची केली तर कमीत कमी १० वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत.

वाचायला बरं वाटतं ना? कायदा दर वेळी कडक होत गेला. पण जेवढा तो वयावर कडक झाला, तेवढी वयाची किंमतही वाढली. मुलगी १७ ची की १९ ची, यावर शिक्षा ठरायला लागली. म्हणून दलाल मुलीला पहिला धडा काय देतो? "कोणी विचारलं तर एकवीस सांगायचं."

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुरा आणि आसपास मोठे छापे पडले. चारशेहून जास्त मुली-बायका बाहेर काढल्या. त्यातल्या सुमारे निम्म्या नेपाळच्या. त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकारने टाळाटाळ केली, महिनोन् महिने त्या सुधारगृहात अडकून पडल्या, शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेऊन त्यातल्या अनेकींना नेलं. ज्यांच्या जन्माचा, गावाचा, देशाचा कागद नाही, त्यांना सोडवल्यावरही त्या कुणाच्याच नसतात. हे त्या छाप्यांनी दाखवून दिलं.

कागद नसला की उरते हाडांची तपासणी. एक्स-रे काढून डॉक्टर वयाचा अंदाज सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटलंय की यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी पंधराची असू शकते आणि एकोणीसचीही. आरोपीचा वकील कुठला आकडा धरणार, सांगायला नको. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रम घालून दिलाय: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

मग जन्माची नोंद आपल्याकडे नव्हतीच का? होती की. मराठा-कुणबी नोंदींच्या निमित्ताने कोतवाल बुक हा शब्द आता घरोघरी पोचलाय. गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची नोंद त्यात व्हायची. ज्यांनी ती पानं पाहिलीत त्यांना माहीत असेल: बापाचं नाव असतं, जात असते, पण बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. बारशाआधीच नोंद झालेली. बापाला तीन मुली असतील तर ही कुठली? कोर्टात अशा नोंदीने काय सिद्ध होणार? जन्मनोंदणीचा देशभरासाठी एकच सक्तीचा कायदा आला तो १९६९ ला. विकण्याविरुद्धच्या कलमानंतर तब्बल १०९ वर्षांनी!

आणि हा नुसता इतिहास नाही. गेल्या वर्षी आमच्या भागात एका मुलीला परराज्यातलं स्थळ आलं. बापाच्या हातावर रोख पैसे. आधारवर मुलगी एकोणीसची. ज्या शाळेतून ती सातवीनंतर सुटली होती, तिथल्या बाईंनी जनरल रजिस्टर काढलं. मुलगी सोळाची. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याने ते पान दाखवलं आणि लग्न थांबलं. पोलिसांची गाडी नंतर आली. आधी धावून आलं ते रजिस्टर. (२००६ च्या कायद्यानुसार विकून लावलेलं बालिकेचं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं, पण त्यासाठी ती बालिका आहे हे दिसायला तर हवं.)

२०२२ साली इगतपुरीकडच्या कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि मेंढीच्या बदल्यात नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, ते आठवतंय? एका मुलीचा जीव गेल्यावर ते कळलं. शाळेच्या पटावर रोज ज्याचं नाव पुकारलं जातं ते मूल असं गुपचूप नाहीसं होत नाही. निदान कुणीतरी विचारतं.

म्हणून आज केक कापून झाला की एक काम करा. आपल्या शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीला, घरकामाला जी कुटुंबं येतात, त्यांच्या लेकरांच्या जन्माची नोंद झालीय का, एवढं विचारा. मूल फडावर जन्मलं तर नोंद तिथेच होते, २१ दिवसांच्या आत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दाखला असेल तर त्यात मुलीचं नाव आहे का तेही बघा. नसेल तर ते नंतर घालता येतं. गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका त्यात असतात. ती शेवटची कधी बसली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. मूल हरवलं तर नुसती नोंद नको, गुन्हाच दाखल करा म्हणा. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश २०१३ पासून आहे. आणि १०९८ हा नंबर पाठ असू द्या. १९९६ सालीच, आपल्या मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची ही हेल्पलाइन आता सरकारच चालवतं.

आत्याला मी काल म्हटलं, तुझाही वाढदिवस उद्याच करूया. ती म्हणाली, "माझं राहू दे. पोरींचं नीट लिहून ठेवा."