बी फाइल सिस्टिम (बीएफएस)

बीओएस या डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमसाठी घडवलेली, रोजकीर्द (जर्नल) ठेवणारी ६४-बिट फाइल प्रणाली. लिनक्समध्ये ती ‘बीईएफएस’ म्हणून ओळखली जाते. कारण तिथे ‘बीएफएस’ हे नाव युनिक्सवेअर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल प्रणालीला दिलेले होते.

इतिहास : ॲपल सोडल्यावर ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी कंपनी काढली. तिने घडवलेल्या बीओएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फाइलींची माहिती वेगळ्या डेटाबेसात असे. दोहोंचा मेळ राखणे जड जाई. म्हणून डॉमिनिक जाम्पाओलो व सिरिल म्यूरियाँ यांनी १९९६ मध्ये नवी प्रणाली हाती घेतली आणि १९९७ मध्ये ती वापरात आली. जाम्पाओलो यांनी तिच्या रचनेवर १९९९ मध्ये पुस्तक लिहिले.

रोजकीर्द : पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो, मग खतावणीत. बीएफएसही डिस्कच्या रचनेतला बदल आधी रोजकीर्दीत लिहिते. वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना पूर्ण नोंदी तडीस नेल्या जातात, अर्धवट नोंदी सोडून दिल्या जातात. सगळी डिस्क तपासावी लागत नाही. फाइलीतला मजकूर मात्र रोजकीर्दीत येत नाही.

गुणधर्म व सूची : ही या प्रणालीची खरी देणगी. प्रत्येक फाइलीला हवे ते गुणधर्म जोडता येतात. बीओएसमध्ये एकेक ईमेल ही स्वतंत्र फाइल. पाठवणारा, विषय, तारीख हे तिचे गुणधर्म. त्यांची सूची बी-प्लस वृक्ष या शोधसुलभ मांडणीत राहते, म्हणून ‘अमक्याची न वाचलेली पत्रे’ असा शोध क्षणात लागतो. शोधाची खिडकी उघडी असताना नवे पत्र आले, तर तेही यादीत आपोआप उमटते. नाव, आकार व शेवटचा बदल यांची सूची प्रणाली स्वतः ठेवते. नवी सूची केल्यास आधीच्या फाइली तिच्यात आपोआप येत नाहीत.

देवनागरी : फाइलींची नावे यूटीएफ-८ या संकेतनात, कमाल २५५ बाइट. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. ‘भंडारा’ या नावाला ६ चिन्हांचे १८ बाइट लागतात. म्हणजे निव्वळ देवनागरी नाव ८५ चिन्हांपर्यंतच जाते.

प्रभाव : अथीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल प्रणाली आणि स्कायओएस या ऑपरेटिंग सिस्टिमची स्कायएफएस यांच्यावर बीएफएसचा प्रभाव आहे.

सद्यःस्थिती : बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम कंपनीने घेतली. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ओपनबीओएस हा मुक्त प्रकल्प सुरू केला. २००४ पासून त्याचे नाव हायकू. त्यासाठी ॲक्सेल डर्फलर यांनी बीएफएस नव्याने लिहिली. हायकूची मुख्य फाइल प्रणाली आजही तीच आहे.