पाटण्याच्या देवीचे देऊळ



नवरात्रात आपण पाटण्याच्या चंडिकादेवीला जातो, ओटी भरतो, नारळ वाढवतो आणि गर्दीबरोबर बाहेर पडतो. देवळाकडे पाहावयाचे राहूनच जाते. म्हणून या स्मरणिकेत देवीच्या महिम्याविषयी न लिहिता देवळाविषयी लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले व पाहिले तेवढेच सांगते.

पाटणे चाळीसगावच्या नैऋत्येस, डोंगराच्या कुशीत. एके काळी तेथे भरले शहर होते, आज रान आहे. अशी जुनी देवळे चुन्यावाचून उभी आहेत. दगडाला खाच पाडून त्यात दुसऱ्या दगडाचे टोक बसवावयाचे, वरचा भार खालच्याला घट्ट धरतो. भिंत सरळ नसते, कोनाकोनाने आतबाहेर होते. त्यामुळे उन्हाचे व सावलीचे पट्टे पडतात. सकाळी एकदा नि कलत्या उन्हात एकदा पाहा, देऊळ निराळेच दिसते.

याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाडपंत हे देवगिरीच्या महादेवराव व रामदेवराव यादवांच्या पदरचे, म्हणजे इ. स. १२६० च्या पुढचे. पाटण्याच्याच महादेवाच्या देवळातील शिलालेख शके १०७५, म्हणजे इ. स. ११५३ चा आहे! पंतांच्या आधी शंभर वर्षे आपल्या खानदेशात पाथरवट हे काम करीत होते.

त्याच लेखात एका बाईचे नाव आहे. निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने ते देऊळ बांधावयास घेतले नि तो वारला. मुलगा गोवन लहान. तेव्हा राणी श्रीदेवीने राज्य सांभाळले आणि तिच्या कारभारात देऊळ पुरे झाले. जिजाबाई, अहिल्याबाई आपल्या मुलींना पाठ असतात. ही आपल्या जिल्ह्यातली राणी कुणाला ठाऊक नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरा लेख देवीच्याच देवळात सापडला. तो १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ काढला, त्याला निकुंभ राजा सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातून मठाला काय द्यावयाचे ते लिहिले आहे. तेलाच्या घाण्यामागे एक पळी तेल, असेही. पळी! आपल्या स्वयंपाकघरातला हा शब्द आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे.

हे तेल शिकणाऱ्यांसाठी होते. आपण मात्र भिंतीवरच्या मूर्तींना तेल नि शेंदूर चोपडतो, त्यांच्या पायाशी नारळ आपटतो. थर चढत गेले की नाक-डोळे, दागिने, हातातले आयुध काहीच ओळखू येत नाही. पुजाऱ्याने मांडलेल्या मूर्तीची पूजा अवश्य करावी. पण भिंतीवरच्या मूर्ती कोरड्याच राहू द्याव्यात. कानबाईच्या वेळी आपण साध्या नारळालाही किती जपून नटवतो, विसर्जनापर्यंत धक्का लागू देत नाही. तेवढा जपणुकीचा हात या दगडांनाही लावावा.

धुळ्याच्या भगिनी पांझरेकाठच्या एकवीरेला नेहमी जातात; त्यांनी एकदा पाटण्यास यावे. मुक्कामाची सोय चाळीसगावी होते. पावसाळ्यात ओढे भरतात, तेव्हा मुलेबाळे घेऊन येऊ नये.