घरात चार टीव्ही आणि रविवारची संध्याकाळ

अमेरिकेत खेळांच्या वाहिन्यांसाठी सेवा निवडताना बहुतेक कुटुंबे दोनच गोष्टी पाहतात: वाहिन्यांची संख्या आणि मासिक दर. घरात एकच टीव्ही असेल तर तेवढे पुरते. मात्र बैठकीच्या खोलीत एनएफएल, तळघरात मुलांचा एनबीए आणि भारतातून आलेल्या आजोबांच्या खोलीत क्रिकेट असा थाट असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. एका वेळी किती पडद्यांवर प्रक्षेपण चालेल? भारतीय संघ मेलबर्नमध्ये कसोटी खेळत असेल तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खेळ संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो. रविवारी त्याच संध्याकाळी एनएफएलचा रात्रीचा सामनाही असतो. पडद्यांची मर्यादा संपली की कोणाचा तरी सामना थांबतो, आणि बहुधा तो आजोबांचाच असतो.

इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांमध्ये हा फरक मोठा आहे. यूट्यूब टीव्हीच्या मूळ वर्गणीत एका वेळी तीन पडदे चालतात. अधिक पैसे भरून घेतल्या जाणाऱ्या ‘४के प्लस’ जोडणीत घरातल्या घरात ही मर्यादा उरत नाही. हुलूच्या थेट प्रक्षेपणात मुळात दोनच पडदे मिळतात आणि तिथेही जादा पैशांत मर्यादा उठवता येते. फुबो घरात दहा पडद्यांना परवानगी देते. पण २०२० पासून तिच्यावर टीएनटी नाही. सर्वांत फसवा हिशेब स्लिंगचा. ईएसपीएन तिच्या ‘ऑरेंज’ संचात येते आणि तो एका वेळी एकाच पडद्यावर चालतो. ‘ब्लू’ संच तीन पडद्यांवर चालतो, पण त्यात ईएसपीएन नाही. दोन्ही संच एकत्र घेतले तरी ईएसपीएनचे बंधन कायम राहते. एकट्या माणसासाठी स्वस्त असलेली ही सेवा चार टीव्हींच्या घरात म्हणूनच कमी पडते.

उपग्रह सेवेत पडदे मोजावे लागत नाहीत, पेट्या मोजाव्या लागतात. डिशच्या ‘हॉपर ३’ या मुख्य पेटीत सोळा ट्यूनर आहेत आणि ‘जोई’ नावाच्या छोट्या पेट्या जोडून सात टीव्हींपर्यंत सेवा नेता येते. मात्र प्रत्येक जादा पेटीचे मासिक भाडे वेगळे असते. जाहिरातीतल्या दरात ते मिळवूनच तुलना करावी. दोन वर्षांच्या करारांकडेही लक्ष हवे, कारण नोकरीनिमित्त शहर बदलणाऱ्यांना मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचा दंड महागात पडतो. स्थानिक बेसबॉल किंवा बास्केटबॉल संघाचे चाहते असतील तर प्रादेशिक क्रीडा वाहिनी आपल्या पिन कोडवर दिसते का, हे आधी विचारावे. डिशने अशा अनेक वाहिन्या २०१९ मध्ये गमावल्या; डायरेक्टटीव्हीकडे त्या अजून बऱ्याच प्रमाणात आहेत. एनएफएलचे ‘संडे तिकीट’ मात्र २०२३ पासून यूट्यूबकडे गेले आहे.

क्रिकेटचा प्रश्न वेगळा सोडवावा. आयपीएल आणि आयसीसीच्या स्पर्धा अमेरिकेत विलोवर दिसतात. विलो डिश व स्लिंगवर मिळते आणि तिच्या स्वतंत्र ॲपवरही. त्यामुळे केवळ क्रिकेटसाठी सगळी सेवा बदलण्याची गरज नसते. मुख्य सेवा इतर खेळांसाठी निवडावी आणि विलो वेगळी घ्यावी.

छतावरच्या साध्या अँटेनाला मराठी घरांत उगाच कमी लेखले जाते. सीबीएस, फॉक्स, एनबीसी आणि एबीसी त्यावर फुकट दिसतात; घरात जुनी कोॲक्स तार असेल तर एकच अँटेना सगळ्या टीव्हींना पुरतो. शिवाय इंटरनेटचे प्रक्षेपण मागे पडते, अँटेनाचे तुलनेने लवकर पोहोचते. शेजाऱ्यांचा जल्लोष आधी आणि टचडाउन नंतर, ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते.

जुनी सेवा बंद करण्यापूर्वी नवीन सेवेचा मोफत चाचणी काळ असल्यास तो रविवारी वापरावा. सगळे टीव्ही एकाच वेळी लावून, मुलांचा व्हिडिओ गेमही चालू ठेवून, संध्याकाळी तासभर पाहावे. चित्र अडखळले तर दोष सेवेचा असतोच असे नाही, घरातल्या वायफायचाही असू शकतो. मग निदान मुख्य टीव्हीला तरी राउटरमधून थेट तार ओढून पाहावी.